वंश लपवला, नोकरी मिळाली. मग किंमत कोणी मोजली?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या वंशभेदी कायद्यांवर लेख होता. उजळ कातडीच्या अनेक कृष्णवर्णीयांनी आपला वंश लपवून गोऱ्यांच्या नोकऱ्या केल्या, असं त्यात एका वाक्यात म्हटलं होतं. इंग्रजीत याला ‘पासिंग’ म्हणतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं या इतिहासाच्या आणि अमेरिकी नोकरीविषयक कायद्यांच्या अभ्यासकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : रंग गोरा, डोळे घारे, केस सरळ. मग तो माणूस गोराच झाला ना? लपवण्यासारखं उरलं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिथे वंश कातडीवरून ठरत नव्हता, वंशावळीवरून ठरत होता. न्यू ऑर्लीन्समध्ये जोडे बनवणाऱ्या होमर प्लेसीचं उदाहरण घ्या. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच आफ्रिकी वंशाचं होतं. १८९२ साली तो पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्याकडे पाहून कोणाला काही कळण्यासारखं नव्हतं. स्वतःचा वंश त्याने स्वतःच सांगितला, कारण कायद्याला आव्हान द्यायचं हे आधीच ठरलं होतं. अटक झाली, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ साली न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले.

पुढे फास आणखी आवळला. १९२४ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने गोऱ्या माणसाची व्याख्या अशी केली की इतर वंशाचा मागमूसही चालणार नाही. अपवाद फक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंतच्या मूलनिवासी रक्ताचा. नोंदणीत वंश जाणूनबुजून खोटा लिहिला तर एक वर्षाची कैद. त्या राज्याचे जन्ममृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर १९१२ ते १९४६ पदावर होते. ते सुईणींना आणि कारकुनांना धमकीवजा पत्रं पाठवत, आणि ज्यांच्याबद्दल संशय असेल त्यांच्या दाखल्यांवर मागच्या बाजूला शेरे मारत. जनगणनेत १९२० पर्यंत मिश्र वंशाचा वेगळा रकाना होता. १९३० साली तो काढला आणि प्रगणकांना सांगितलं की कृष्णवर्णीय रक्ताचा अंश कितीही कमी असो, नोंद ‘निग्रो’ अशीच करायची.

त्यामुळे नोकरी हवी असणाऱ्याला चेहरा लपवायचा नव्हताच. आई लपवायची होती.

प्रश्न : हे प्रत्यक्षात जमवत कसे? एकदा खोटं सांगून भागत असेल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : एकदा सांगून भागत नसे. साधारण क्रम असा असायचा. आधी गाव सोडायचं, बहुधा दक्षिणेकडून उत्तरेच्या मोठ्या शहरात. मग नावात फरक करायचा: एखादं अक्षर गाळायचं, मधलं नाव जोडायचं. काळ्याभोर केसांसाठी कारण हवं, म्हणून पोर्तुगीज, स्पॅनिश किंवा इटालियन आजी उभी करायची. घर गोऱ्यांच्या वस्तीत घ्यायचं. आणि शेवटी नातेवाइकांना सांगायचं की इकडे येऊ नका, पत्र लिहायचंच तर जपून लिहा.

अडचण यानंतर सुरू होते. बाहेरच्यांना सहसा न सुचणारी एक गोष्ट म्हणजे शिक्षण. हॉवर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाची पदवी अर्जात लिहिली की वंश उघड. ती गाळली की शिकलेला माणूस अर्धशिक्षित ठरतो. शिफारसपत्र देणारा शिक्षक, जुना मालक, चर्चचा पाद्री, सगळे जुन्या आयुष्यातले. कोणाचंच नाव देता येत नाही. म्हणजे ज्या गुणांवर नोकरी मिळायची त्यांचा पुरावाच आधी गाडायचा, आणि मग खालच्या जागेवरून चढत जायचं.

दुसरी अडचण घरातल्या प्रसंगांची. वडील वारल्याची तार कचेरीच्या पत्त्यावर आली तर? अंत्यविधीला जायचं तर सहकाऱ्यांना काय सांगायचं, आणि तिथे काढलेल्या फोटोत आपण दिसलो तर? पुष्कळांनी जाणंच टाळलं. आमच्या मते या विषयातली सगळ्यात जड किंमत हीच. ती एकदाच चुकती होत नाही. प्रत्येक मृत्यूला, प्रत्येक लग्नाला नव्याने द्यावी लागते.

मूल सावळं जन्मेल ही भीतीही अनेक घरांत होती. ती बरीचशी निराधार होती. कातडीचा रंग अनेक जनुकांवर ठरतो, आणि एक जोडीदार पूर्णपणे युरोपीय वंशाचा असेल तर मूल दुसऱ्या जोडीदारापेक्षा फारसं गडद होण्याची शक्यता नगण्य असते. पण भीतीला हे कोण समजावणार? गर्भारपणाचे नऊ महिने ती पुरायची.

प्रश्न : फक्त कामाच्या वेळेपुरतं गोरं आणि संध्याकाळी आपल्या घरी, असं करता येत नव्हतं का? त्यात नाती तरी तुटत नाहीत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : येत होतं, आणि मोठ्या शहरांत पुष्कळ जण तसंच करत. दुकानातली विक्रेती, कचेरीतली टंकलेखिका अशा जागा कृष्णवर्णीयांना मिळतच नसत. पगार मात्र घरकामापेक्षा कितीतरी चांगला. मग सकाळी दूरच्या थांब्यावरून गाडी धरायची आणि संध्याकाळी वाट बदलून घरी यायचं. कामावर शेजारीण गिऱ्हाईक म्हणून समोर आली तर दोघींनी अनोळखी राहायचं. ही शिस्त शेजारीणही पाळायची, म्हणजे गुपित एकाचं आणि गप्प बसणं सगळ्या वस्तीचं.

तुटत नसलं तरी काही झिजतं. जेवणाच्या सुट्टीत आपल्याच लोकांवरचे घाणेरडे विनोद ऐकायचे. हसलं नाही तर संशय, हसलं तर स्वतःचीच घृणा. बढतीही घातक, कारण बढतीबरोबर घरी येण्या-जेवण्याची आमंत्रणं येतात, आणि उलट आमंत्रण द्यायला आपल्याकडे दाखवता येईल असं घर नसतं. म्हणून जवळीक वाढू लागली की नोकरीच बदलावी लागे.

प्रश्न : मी अभिनयाची विद्यार्थिनी आहे. मर्ल ओबेरॉन ही हॉलिवूडची नटी मूळची मुंबईची, हे खरं का? तिने ते का लपवलं? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : खरं आहे. तिचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. पाळण्यातलं नाव एस्टेल मर्ल, आडनाव थॉम्पसन. जिला ती आई समजत होती ती शार्लट ही तिची आजी होती. जन्मदाखल्यावर आई म्हणून नाव आहे ते शार्लटच्याच अल्पवयीन मुलीचं, कॉन्स्टन्सचं. बालपण मुंबईत आणि मग कलकत्त्यात गेलं. विशीच्या आत ती युरोपात पोहोचली आणि १९३३ साली इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात ॲन बोलिनची छोटी भूमिका करून नजरेत भरली. पुढे अमेरिका, आणि १९३५ च्या एका चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीचं त्या विभागातलं ते पहिलं नामांकन होतं, पण त्या रात्री सभागृहात कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

का लपवलं, याची दोन ठोस कारणं सांगता येतात. हॉलिवूडची आचारसंहिता १९३० साली लिहिली गेली आणि १९३४ च्या मध्यापासून कडकपणे लागू झाली. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातले प्रेमसंबंध दाखवायला तिच्यात मनाई होती, आणि स्टुडिओ व्यवहारात ती इतर वर्णांनाही लावत. मिश्र वंशाच्या नटीला गोऱ्या नायकाची नायिका होता आलं नसतं. मोलकरीण किंवा खलनायिका, एवढंच. दुसरं कारण देशात राहण्याचं. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. हे दार १९४६ साली जरासं किलकिलं झालं. म्हणजे वंश उघड होण्यात नुसत्या भूमिका जाण्याचा धोका नव्हता.

मग टास्मानियाची गोष्ट रचली गेली: जन्म ऑस्ट्रेलियाच्या त्या बेटावर, नंतर भारतात नातलगांकडे वाढली. जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. ब्रिटिश, गोरी, आणि इतकी दूर की लंडनच्या वार्ताहराने दप्तर तपासायला जाणं अशक्यच.

आता तुमच्या विद्येशी संबंधित भाग. १९३७ साली मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे छायाचित्रणकार ल्यूसियन बॅलर्डने कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून बसणारा एक छोटा दिवा तयार केला. प्रकाश नेमका भिंगाच्या रेषेत आला की खड्ड्यांत आणि व्रणांत सावली पडत नाही, त्वचा एकसंध आणि अधिक उजळ दिसते. आजही चित्रीकरणात या दिव्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणतात. प्रसाधनांचाही तिच्या त्वचेला मोठा त्रास झाला. त्या काळी रंग उजळवणाऱ्या मलमांत सर्रास पाऱ्याचं संयुग असे. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. अमेरिकेत ही मलमं १९७० च्या दशकात बंद झाली.

यात सगळ्यात जास्त सोसलं ते शार्लटने. सावळी असल्यामुळे लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर ती मोलकरीण म्हणून वावरली. १९३७ साली ती वारली. बारा वर्षांनी मर्लने फोटोवरून तिची तैलचित्रं काढून घेतली, आणि चित्रकाराला रंग उजळ ठेवायला सांगितलं. १९७८ मध्ये टास्मानियाच्या होबार्टमध्ये ‘माहेरवाशिणी’सारखा तिचा सत्कार झाला. तिथे जन्माबद्दलच्या प्रश्नांनी ती कासावीस झाली. पुढच्या वर्षी तिचं निधन झालं. खरी हकीकत पुराव्यानिशी पुढे आली ती त्यानंतर.

प्रश्न : अमेरिकेत कोणी कृष्णवर्णीय कलाकार चक्क भारतीय ब्राह्मण म्हणून वावरला असं ऐकलं. अफवा असावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अफवा नाही. जॉन रोलंड रेड हा मिसुरी राज्यात जन्मलेला ऑर्गनवादक. आधी मेक्सिकन वाटावं म्हणून ‘हुआन रोलांडो’ हे नाव घेऊन त्याने काम मिळवलं. मग तो ‘कोर्ला पंडित’ झाला: दिल्लीचा जन्म, ब्राह्मण वडील, फ्रेंच गायिका आई, डोक्यावर रत्न लावलेला फेटा. १९४९ पासून लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर त्याचा रोजचा कार्यक्रम असे आणि त्यात तो एक शब्दही बोलत नसे. नुसतं पाहत राहायचं आणि वाजवायचं. गूढतेचं वलय तर मिळालंच, शिवाय बोलण्याच्या धाटणीवरून पकडलं जाण्याचा धोकाही टळला. तो १९९८ साली वारला. खरं नाव २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मासिकाने छापलं. गायन-वादनाच्या क्षेत्रात जवळजवळ पन्नास वर्षं, आणि आपल्या खऱ्या ओळखीने श्रोत्यांशी एक संवाद नाही.

प्रश्न : गुपित फुटायचं कसं? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : बहुधा चेहऱ्यावरून नाही. कोणीतरी मुद्दाम चौकशी केली की फुटायचं.

ॲनिटा हेमिंग्ज ही बॉस्टनची मुलगी व्हॅसार महाविद्यालयात गोरी म्हणून शिकत होती. खोलीतल्या मैत्रिणीच्या वडिलांना संशय आला आणि त्यांनी खासगी गुप्तहेर नेमला. पदवीदान काही आठवड्यांवर असताना अहवाल आला. ॲनिटाने अध्यक्षांसमोर कबुली दिली. १८९७ साली तिला पदवी मिळाली, पण बातमी देशभर छापून आली. ॲनिटाचा सख्खा भाऊ त्याच काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वंश न लपवता शिकला. एकाच घरातून दोन वाटा निघाल्या, कारण एका संस्थेचं दार उघडं होतं आणि दुसरीचं बंद. व्हॅसारने कृष्णवर्णीय मुलींना उघडपणे घ्यायला सुरुवात केली १९४० साली. मधल्या काळात ॲनिटाची मुलगीही तिथेच, पुन्हा गोरी म्हणून शिकली. आणि ॲनिटाची आई लेकीकडे आली तेव्हा तिला नोकरांच्या दाराने आत यावं लागलं.

दुसरं उदाहरण डॉ. अल्बर्ट जॉन्स्टन यांचं. न्यू हॅम्पशायरच्या छोट्या गावांत ते लोकप्रिय डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी नौदलाने त्यांची क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून निवड केली. पार्श्वभूमी तपासताना कृष्णवर्णीय वंशाची माहिती निघाली आणि नेमणूक मागे घेण्यात आली. तोवर त्यांच्या मुलांनाही काही माहीत नव्हतं. जितकी वरची जागा, तितकी खोल चौकशी. म्हणून अनेकांनी आपल्या योग्यतेच्या जागांसाठी अर्जच केला नाही. त्यांची हानी कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

प्रश्न : मुलांना केव्हा सांगायचे? की सांगायचेच नाहीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ॲनटोल ब्रॉयार्ड १९७१ पासून न्यूयॉर्क टाइम्सचे पुस्तक-समीक्षक होते. जन्म न्यू ऑर्लीन्सचा, १९२० चा. त्यांचे सुतार वडीलही न्यूयॉर्कमध्ये काम मिळावं म्हणून कामावर गोरे म्हणून वावरले होते. १९९० साली ब्रॉयार्ड कॅन्सरने मरणाच्या दारात असताना मुलांना वंशाबद्दल कळलं, तेही आईकडून. ज्यांच्याशी कधी नीट भेट झाली नव्हती अशी आत्या-चुलत भावंडं मुलांना मिळाली ती वडील गेल्यावर.

काहींनी मुलंच होऊ दिली नाहीत किंवा मागे काही ठेवलं नाही. बेल द कोस्टा ग्रीन ही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाची पहिली संचालक. वडील रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर, १८७० चे. ज्या बापाचं नाव मिरवावं त्याच्याच आडनावातलं शेवटचं अक्षर तिने गाळलं आणि ‘द कोस्टा’ जोडून पोर्तुगीज आजी मिळवली. १९०५ ते १९४८ तिने दुर्मीळ हस्तलिखितं जमवली आणि जपली. मृत्यूपूर्वी स्वतःची खासगी कागदपत्रं मात्र जाळून टाकली.

प्रश्न : लपवायला नकार देणाऱ्यांचं काय झालं? त्यांना कमी मोजावं लागलं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही, वेगळं मोजावं लागलं. फ्रेडी वॉशिंग्टन ही नटी सहज गोरी म्हणून खपली असती. तिने ठाम नकार दिला. १९३३ साली कृष्णवर्णीय नट पॉल रोबसनबरोबर काम करताना तिला गडद रंग फासण्यात आला, कारण प्रेक्षकांना ती गोरी वाटली असती तर आचारसंहितेची अडचण होती. पुढच्या वर्षी एका गाजलेल्या चित्रपटात तिला भूमिका मिळाली ती नेमकी वंश लपवणाऱ्या मुलीची. त्यानंतर तिच्यायोग्य भूमिकाच आल्या नाहीत. गोऱ्या नायिकेसाठी ती ‘कृष्णवर्णीय’, मोलकरणीसाठी ‘फार गोरी’. तिने १९३७ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांची संघटना उभारायला हात दिला.

कृष्णवर्णीय कार्यकर्ते वॉल्टर व्हाइट यांनी तर हेच कातडं शस्त्रासारखं वापरलं. सोनेरी केस, निळे डोळे. ते दक्षिणेत गोरे वार्ताहर म्हणून जात आणि झुंडीने केलेल्या हत्यांची माहिती मारेकऱ्यांच्याच तोंडून काढून आणत. १९१९ साली आर्कान्सामध्ये ओळख फुटल्याची कुणकुण लागताच मिळेल ती गाडी पकडून निसटले. काम झालं की ते आपल्या लोकांत परतत. त्यांच्यावर एकटेपण आलं नाही ते या परतण्यामुळे, असं आम्हांला वाटतं.

प्रश्न : आपल्याकडे जात लपवतात त्यासारखंच हे नाही का? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : मूळ कारण एकच: पोट भरण्याची जागा जन्मावरून नाकारणं. डॉ. आंबेडकर कोलंबियाहून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले तेव्हा राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावाने एका पारशी उतारवाड्यात राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बडोदं सोडावं लागलं. फरक पुराव्याचा आहे. अमेरिकेत पुरावा दाखल्यात आणि नातलगांच्या कातडीत असे. जातीचा पुरावा आडनावात, गावात आणि सोयरिकीत असतो. म्हणून जात लपवणाऱ्याला देश बदलूनही सुटका नसते, कारण विचारणारे आपलेच लोक तिथेही असतात. सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली ती याच अनुभवामुळे.

प्रश्न : भाचा अमेरिकेत नोकरी शोधतोय. मित्र सांगतात, अर्जावर लांब नावाऐवजी ‘डॅन’ लिही आणि भारतीय विद्यार्थी मंडळाचं अध्यक्षपद काढून टाक. करावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मित्र खोटं सांगत नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५००० बनावट अर्ज पाठवले होते; मजकूर सारखाच, पण गोऱ्या वळणाच्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. २०१६ च्या अभ्यासात १६ महानगरांत १६०० अर्ज गेले. आशियाई उमेदवारांनी ओळख पुसलेल्या अर्जांना २१ टक्के, न पुसलेल्यांना ११.५ टक्के प्रतिसाद. कृष्णवर्णीयांना २५ आणि १०. ‘आम्ही विविधतेचं स्वागत करतो’ असं छापणाऱ्या कंपन्यांतही फरक तेवढाच होता, आणि उमेदवार नेमके तिथेच गाफील राहत होते.

आमचा सल्ला असा. हाक मारायला सोपं नाव परिचयपत्रावर (रेझ्युमेवर) लिहायला हरकत नाही. तो कायदेशीर दस्तऐवज नव्हे. पण ऑनलाइन अर्जात ‘कायदेशीर नाव’ विचारलं असेल तिथे पासपोर्टवरचंच लिहावं. घोळ होतो तो इथे: एक नाव परिचयपत्रावर, दुसरं पदवीवर, तिसरं सोशल सिक्युरिटी कार्डावर (सरकारी सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या), आणि पार्श्वभूमी तपासणारी संस्था पदवी सापडत नाही म्हणून फाइल अडकवते. नोकरीचं पत्र हाती येताच मनुष्यबळ विभागाला दोन्ही नावं लेखी कळवावीत. आय-९ हा काम करण्याची परवानगी तपासण्याचा अर्ज कर्मचाऱ्याने रुजू होण्याच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो आणि मालकाने तीन कामकाजी दिवसांत कागदपत्रं तपासायची असतात. त्यात फक्त खरं नाव.

मंडळाचं अध्यक्षपद मात्र काढू नये. हिशेब, कार्यक्रमाची आखणी, माणसं सांभाळणं, हे सगळं त्यातच शिकलेलं असतं. ते काढलं की मुलाखतीत नेतृत्वाबद्दल विचारल्यावर सांगायला उरत नाही काही. ‘२०० सभासद, अमुक डॉलरचं वार्षिक अंदाजपत्रक’ असं आकड्यांत लिहावं.

वंशाचा रकाना ऐच्छिक असतो. ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय निवडता येतो; चुकीचा वंश निवडू नये.

भेदभाव झालाच तर: १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतं, आणि अमेरिकेत काम करणाऱ्या परदेशी नागरिकालाही त्याचं संरक्षण आहे. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार १८० दिवसांत करावी लागते. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर साधारण ३०० दिवस. शुल्क नाही. मुदत घटनेच्या दिवसापासून मोजतात. आधी कंपनीत अंतर्गत तक्रार केली म्हणून ती थांबत नाही, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहावं. कंपनीच्या संगणकावर नको.

प्रश्न : आजच्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना अजून असं काही करावं लागतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वंश लपवणं जवळपास संपलं, वंशाच्या खुणा पुसणं संपलेलं नाही. केसांचंच पाहा. केस सरळ करणाऱ्या तीव्र मलमात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. केस वाढतात तसं दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी पुन्हा लावावं लागतं, आणि काही मिनिटं जास्त राहिलं तर टाळू भाजते. अलाबामातल्या एका कंपनीने जटांची केशरचना कापायला नकार देणाऱ्या तरुणीला नोकरी नाकारली. २०१६ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण केशरचना बदलता येते. केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करायला बंदी घालणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, २०१९ मध्ये. नंतर बरीच राज्यं आली, सगळी अजून नाहीत.

प्रश्न : माझी सून अमेरिकन आहे. तिच्या पणजीबद्दल घरात कुजबुज आहे की ती ‘गोरी झाली’ होती. कागदांतून शोधता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बऱ्याचदा येतं. जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणून १९५० पर्यंतची आज पाहता येतात. १८९० ची बहुतेक आगीनंतर नष्ट झाली. एकाच व्यक्तीची नोंद लागोपाठच्या दोन जनगणनांत काढा आणि वंशाचा रकाना जुळतो का पाहा. तेव्हा वंश प्रगणक लिहीत असे, त्यामुळे एका नोंदीवर विसंबू नका. तो चुकू शकतो किंवा शेजाऱ्याला विचारून भरू शकतो. नाव बदललं असेल तर नावाने शोधून सापडणार नाही. वय, जन्माचं राज्य आणि भावंडांची नावं यांवरून शोधा.

मग घरातल्या पुरुषांचे सैन्य-नोंदणीचे अर्ज पाहा. १९१७ च्या पहिल्या फेरीच्या अर्जावर खाली डाव्या कोपऱ्यात सूचना असे की माणूस आफ्रिकी वंशाचा असल्यास हा कोपरा फाडावा. फाटलेला कोपरा स्कॅनमध्येही स्पष्ट दिसतो. दक्षिणेतल्या शहरांच्या जुन्या रहिवासी सूचींत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे कंसात ‘सी’ असायचा. १९३६ पासूनच्या सोशल सिक्युरिटीच्या अर्जात वंश आणि आई-वडिलांची पूर्ण नावं अर्जदाराने स्वतः भरलेली असतात. मृत व्यक्तीच्या अर्जाची प्रत शुल्क भरून मागवता येते. आईचं माहेरचं नावही इथे सापडू शकतं. मृत्यूदाखल्यावर मात्र माहिती देणारा दुसराच कोणी असतो, त्याला कमी वजन द्या.

डीएनए चाचणी करायची असेल तर आधी सुनेच्या वयस्क नातेवाइकांशी बोला, कारण निकालात अनोळखी चुलत भावंडंही दिसू लागतात आणि त्यांनाही ही माणसं दिसतात. पणजीच्या पिढीतलं कोणी हयात असेल तर वंशाचा प्रश्न थेट विचारू नका. कोण कोणाच्या लग्नाला आलं नाही, कोणाची पत्रं येत नसत, कोणत्या फोटोतून कोण कापलेलं आहे, हे विचारा. उत्तरं लगेच लिहून घ्या, तारीख टाका, आणि ती कोणाला दाखवायची हे सांगणाऱ्यालाच ठरवू द्या.